वैशाखात वाळवंटात जेवायला

वैशाखात माणसं महाबळेश्वरला जातात, माथेरानला जातात, नाहीतर घरातच पंख्याखाली लोळत पडतात. आम्ही दोघं साठी ओलांडलेली माणसं राजस्थानच्या वाळवंटात निघालो होतो. तेही किल्ले बघायला नाही, उंटावर बसायला नाही, तर जेवायला. ज्याला ज्याला सांगितलं त्यानं आधी माझ्याकडे आणि मग हिच्याकडे नीट पाहून घेतलं. शाळेतला माझा एक जुना सहकारी म्हणाला, "सर, नाशिकला मिळत नाही का जेवायला?" मी म्हटलं, "मिळतं, पण तुझ्यासारखे आधी जाऊन संपवून टाकतात." तो हसला. मला काही हसू आलं नाही, कारण प्रश्न रास्त होता आणि त्याचं खरं उत्तर चारचौघांत देण्यासारखं नव्हतं.

खरं उत्तर असं होतं, की माझ्या बायकोच्या तोंडाची चव गेली होती आणि ती तिकडे परत येईल अशी तिला आशा होती. निदान तिला अशी आशा आहे असं मी धरून चाललो होतो.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्ही दोघंही पडलो. मी जास्त खोकलो, जास्त कण्हलो, ते माझ्या स्वभावाला धरूनच झालं. ती लवकर उठली आणि कामाला लागली. वास आणि चव दोघांचीही गेली होती. माझी महिन्याभरात परत आली. एके दिवशी चहात आलं लागलं आणि मी घरभर सांगत सुटलो. तिची येईल उद्या, येईल परवा, असं म्हणत आम्ही थांबलो. मग एका सकाळी मी पुढच्या खोलीत पेपर वाचत असताना दूध करपल्याचा वास आला. वास एवढा, की जिन्यात पोचला असेल. मी स्वयंपाकघरात गेलो तर ती गॅसच्या शेजारीच उभी राहून निवांत कोथिंबीर निवडत होती. मला बघून म्हणाली, "काय झालं?" तिच्या पाठीमागं पातेल्यातून धूर निघत होता. तो प्रश्न विचारतानाचा तिचा चेहरा मला अजून दिसतो.

नाक-घशाचे डॉक्टर भले माणूस होते. त्यांनी नळी घालून तपासलं आणि म्हणाले, येईलही, नाही येणार असंही होऊ शकतं. त्यांनी एक व्यायाम सांगितला. लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरीचं तेल अशा चार डब्या करायच्या आणि सकाळ-संध्याकाळ एकेक नाकाशी धरून त्या वासाची आठवण काढायची. हिनं डब्या देवघराच्या फळीवर मांडल्या. सकाळी पूजा झाली की डोळे मिटून एकेक डबी नाकाला लावायची. मी दारात उभा राहून विचारायचो, "काही?" ती मान हलवायची. मग दोघं चहा प्यायचो. तिच्या लेखी तो गरम पाण्याचा कप होता.

हे नुकसान केवढं होतं ते कळायला ती कोण होती ते सांगायला हवं. ही नामपूरची. माहेरी कांदा, सासरी कांदा, आमचं गाव लासलगावजवळ. तिच्या भावाच्या कांदाचाळीत शिरली की नुसत्या वासावरून सांगायची, कुठल्या कोपऱ्यातला कांदा सडायला लागलाय. भाऊ जाऊन उपसायचा, तर खरंच तिथंच. काळा मसाला भाजायला बसली की आमच्या सोसायटीतल्या बायका भांडी घेऊन यायच्या. खापरावरचे मांडे करायची. भरताची वांगी तर तुराट्यांवरच भाजली पाहिजेत म्हणून सिडकोतल्या फ्लॅटच्या गच्चीवर तिनं जाळ केला होता आणि सेक्रेटरीची बोलणी खाल्ली होती. नंतर त्याच सेक्रेटरीनं भरीतही खाल्लं.

आणि ह्या बाईच्या नशिबी नवरा मी. मी उभी हयात शाळेत भूगोल शिकवला. पेपर तपासून तपासून माझी नजर चुकांवरच जाते. जेवायला बसलो की पहिला घास तोंडात घालून मी जरा थांबायचो आणि मग निकाल द्यायचो. हिंग पुढं आलाय. डाळ आणखी एक उकळी मागत होती. कालचा ठेचा बरा होता. हे मी रोज, दोन्ही वेळा, लग्न झाल्यापासून करत आलो. ह्याची मला लाज नव्हती आणि आजही नाही, कारण आमच्या घराण्यात जेवण आवडल्याची हीच पावती असते. माझ्या वडिलांनी माझ्या आईला जन्मात कधी 'छान' म्हटलं नाही. फार म्हणजे फार झालं तर 'बरंय' म्हणायचे. तो शब्द कानावर पडला की आई पदरानं तोंड पुसत हसायची. मीही तेच केलं. माझं 'बरंय' मिळवायला हिला पुष्कळ कष्ट पडायचे, आणि मिळालं की ती शेजारणीला सांगायची.

चव गेल्यावरही ती स्वयंपाक करत राहिली. मला आधी वाटलं, कसं जमणार? पण ती म्हणाली, "नैवेद्याचा नाही का करत आपण?" तेही खरं. सणाच्या दिवशी देवाला दाखवेपर्यंत ताटातलं काही चाखायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. पुरण असो, कटाची आमटी असो, हातानं मीठ घालायचं, डोळ्यांनी उकळी बघायची आणि झाकण ठेवायचं. बायका वर्षातून आठ-दहा वेळा तसा स्वयंपाक करतात. ही रोजच तसा करायला लागली. सुरुवातीला सगळं जमूनही गेलं. हाताला सवय होती, डोळ्यांना सवय होती.

पण भिंतीवरचं घड्याळ रोज जरा जरा मागं पडावं तसा तिचा हात हळूहळू सरकत गेला. आज मीठ किंचित जास्त, उद्या चिंच कमी. कधी मसाला कच्चा, कधी लसूण करपलेला. दुरुस्त करायला जीभच नव्हती. ती ताट वाढायची आणि माझ्याकडे बघत थांबायची. "कसं झालंय?"

मी म्हणायचो, "छान झालंय."

काय करणार? आंधळ्या माणसाला रांगोळी वाकडी आली म्हणून सांगायचं का? मी खारट आमटी भातावर ओढली, कच्ची भाजी चावली, आणि प्रत्येक वेळी छान म्हटलं. बाहेर खाणंही सोडलं. रविवारी आम्ही चार निवृत्त मास्तर सातपूरच्या रस्त्याला मिसळ खायला जायचो. ते बंद केलं. आजारानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा तर्रीचा वास नाकात शिरला आणि घरी ती गरम पाण्याचा चहा पीत बसली असेल हे डोळ्यांपुढं आलं. ताट अर्धं टाकून उठलो. मित्रांना सांगितलं, पित्त होतं. मुलगी पुण्याहून आली की म्हणायची, "बाबा, वाळलात." मी म्हणायचो, "वय झालं." पँटी कमरेत ढिल्या व्हायला लागल्या तेव्हा पट्ट्याला खिळ्यानं आणखी एक भोक पाडून घेतलं आणि विषय संपवला.

मग खालच्या मजल्यावरच्या मारवाडी भाभींनी एक दिवस चटणी आणली. भाभींचे यजमान कांद्याचे व्यापारी. चाळीस वर्षं नाशकात राहून भाभी आपल्यासारखंच मराठी बोलतात, फक्त मध्येच हिंदीत शिरतात. त्यांचं माहेर जोधपूरच्या पुढं, वाळवंटातच. माहेरहून आलेल्या लाल मिरच्या आणि लसूण वाटून तुपात परतलेली ती चटणी होती. बरोबर बाजरीचा जाड सोगरा, म्हणजे आपल्या भाकरीचा थोरला भाऊ. हिनं घास घेतला. कान लाल झाले, नाक वाहायला लागलं, डोळ्यांतून धार. मी पाणी घेऊन धावलो. पदरानं डोळे टिपत ती म्हणाली, "काहीतरी लागलं."

मी तांब्या खाली ठेवला. "लागलं? काय लागलं?"

"काहीतरी." तिनं आणखी एक घास घेतला. मग भाभींना विचारलं, "तुमच्याकडं अजून काय काय असतं?"

भाभींना काय, माहेरचा विषय. त्या सांगतच सुटल्या. जिथं पाऊस नाही, भाजी नाही, तिथं झुडपाची बोरांएवढी हिरवी फळं खातात, त्यांना केर म्हणतात. खेजडीच्या झाडाच्या शेंगा, त्यांना सांगरी. केर कडू असतात म्हणून ताकात किंवा मिठाच्या पाण्यात ठेवायचे. मग तेल, मिरची, आमचूर. "वाळलेली बाराही महिने मिळते वहिनी, पण ताजी फक्त गरमीत. वैशाखात या कधी माझ्या भावाकडे. हाथ चाटत राहाल." हिनं माझ्याकडे वळून पाहिलं आणि म्हणाली, "जायचं का?"

इतक्या वर्षांत तिनं स्वतःहून कुठं जायचं म्हटलं नव्हतं. मी हो म्हणालो.

तयारीला लागलो. मुलीनं मोबाईलवर गाडीची तिकिटं काढून दिली. मी माळ्यावरून जुना नकाशा काढला. वर्गात हाच नकाशा भिंतीवर टांगून मी पोरांना वाळवंट शिकवलं होतं, काटेरी वनस्पती, उष्ण दिवस, थंड रात्री, आणि स्वतः कधी मनमाडच्या पुढं जाऊन वाळू पाहिली नव्हती. आता तो जेवणाच्या टेबलावर पसरला. ती चष्मा लावून समोर बसायची. इतर लोक आज हा किल्ला, उद्या तो महाल असं ठरवतात. आमचं ठरत होतं, सकाळी जोधपूरला मिरचीवडा, दुपारी बेसनाचे गट्टे, मग भाभींच्या भावाकडे मुक्काम आणि तिथं केर-सांगरी, सोगरा, राबोडीची, म्हणजे ताकात शिजवून वाळवलेल्या मक्याच्या पापडांची भाजी. जैसलमेर जमलं तर बघू, नाहीतर राहिलं.

प्रत्येक पदार्थाला ती एकच प्रश्न विचारायची. "हे कसं लागत असेल हो?"

"कडवट-आंबट असेल."

"आंबट म्हणजे कैरीसारखं, चिंचेसारखं की ताकासारखं?"

"मी खाल्लंय का कधी?"

"पण तुम्हाला आवडेल?"

मला वाटायचं, बिचारी चवींची आठवण काढतेय. मी जमेल तसं सांगायचो. ताकाचा आंबटपणा कसा मागून येतो, चिंचेचा कसा दातांत जाऊन बसतो. सांगता सांगता माझ्या तोंडाला पाणी सुटायचं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ती मात्र लक्ष देऊन ऐकायची.

जसजसे दिवस जवळ आले तसतसा माझा धीर सुटत गेला. तिकडेही चव लागली नाही तर? इथं निदान 'तिकडे लागेल' असं म्हणायची सोय होती. तिकडे जाऊन सोगऱ्याचा घास तोंडात घेतला आणि काहीच झालं नाही, तर त्यापुढं कुठं न्यायचं हिला? मी चालढकल सुरू केली. गुडघ्याचं निमित्त केलं. बातम्यांत उष्माघाताचं काही आलं की आवाज मोठा करायचो.

तिचा भाऊ नामपूरहून उन्हाळ कांद्याची गोणी देऊन गेला होता. गॅलरीत बसून ती त्यातले बारके, घट्ट कांदे प्रवासासाठी निवडत होती. उन्हात फिरताना खिशात कांदा असला की ऊन बाधत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं.

मी म्हणालो, "दिवाळीनंतर जाऊ. सगळं जग तिकडं थंडीत जातं."

"ताजे केर वैशाखातच निघतात."

"वाळलेले खाऊ."

"वाळलेले भाभी इथंही देतात." तिनं एक कांदा नाकाशी नेला. वर्षानुवर्षांची सवय. मग तसाच खाली ठेवला आणि बोटांनी दाबून पाहिला. "तुम्हाला यायचं नसेल तर तसं सांगा."

संध्याकाळी खाली बागेत जाऊन मुलीला फोन लावला आणि मनातली भीती सांगून टाकली. मग ती म्हणाली, "नाही लागली चव, तर तुम्ही असाल ना तिच्याजवळ. अजून काय करणार बाबा आपण?" मी फोन ठेवला आणि बाकावर बसून रडलो. शेजारी दोन आज्या टाळ्या वाजवत चालत होत्या, त्यांनी तोंड फिरवून घेतलं.

एकदा देवघरातली फळी पुसताना ती लिंबाची डबी माझ्या हातात आली. उघडून पाहिली तर आतली फोड लाकडासारखी वाळलेली. लवंगांच्या डबीवर धूळ होती. प्रवासाच्या गडबडीत राहून गेलं असेल असं मला वाटलं. मी गुपचूप नवं लिंबू कापून ठेवलं.

निघायच्या आदल्या दुपारी तिनं शिदोरी करायला घेतली. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेतकूट, भाजके पोहे. भाभी निरोप द्यायला वर आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. "भाईसाब, तुम्ही खायला चाललात की खिलवायला?" मी म्हणालो, "आम्ही स्वर्गात निघालो तरी आधी दशम्या करू." भाभी भावासाठी एक पिशवी देऊन हसत खाली गेल्या.

शेवटची शेंगदाण्याची चटणी राहिली होती. ती हिनं खलबत्त्यात कुटली. मिक्सरला तेल सुटत नाही, हे तिचं ठाम मत. मी पुढच्या खोलीत बॅगेला कुलूप लागतं का बघत होतो. तिनं हाक मारली, "अहो, जरा या. चटणी बघा."

पाटावर बसलो. तिनं दशमीचा तुकडा आणि चमचाभर चटणी पुढं ठेवली. मी घास घेतला.

असं काही मी आजवर तोंडात घातलं नव्हतं. निव्वळ मीठ. जीभ चरचरली, घसा आवळला, डोळ्यांत पाणी आलं. मी तो घास कसाबसा गिळला.

"कसं झालंय?"

"छान झालंय."

"आणखी घ्या ना."

तिनं आणखी चमचाभर वाढली. मी तीही खाल्ली. पाणी मागायचं धाडस झालं नाही, कारण पाणी मागितलं असतं तर तिला कळलं असतं. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली होती. माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मग तिनं ताटली हळूच माझ्यापुढून ओढून घेतली.

"खारट शे ना?" ती म्हणाली. जीव कासावीस झाला की ती माहेरच्या बोलीत जाते. "मी मुद्दाम दोनदा मीठ घातलं."

मी म्हणालो, "अगं, प्रवासात जरा मीठ लागतंच—"

"माले बठ्ठं समजस." सगळं कळतं मला. हे ती अगदी शांतपणे म्हणाली. "चव गेली तेव्हा सुरुवातीला मीठ बरोबर पडलं की तुम्ही 'बरंय' म्हणायचा, आणि चुकलं की 'छान'. त्यावरनंच मी अंदाज धरायची. 'छान' म्हणालात की दुसऱ्या दिवशी हात आवरायची. मग 'बरंय' कमी कमी होत गेलं. आता तर कधी ऐकलं ते आठवत पण नाही. माझ्या हातातलं गेलंय ते मला कुणी सांगायला नको."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या निगुतीनं खोटं बोलत होता," ती म्हणाली, "कसं मोडायचं ते?"

मी विचारलं, "आणि भाभींची चटणी? तेव्हा तर काहीतरी लागलं म्हणालीस."

"झोंबली. तिखट झोंबतं तेवढं कळतं. चव नव्हती." तिनं पदर बोटाला गुंडाळला. "ती काही येत नाही आता. मी त्या डब्या कधीच्या सोडल्यात. परवा तुम्ही नवीन लिंबू ठेवलंत, ते पाहिलं मी."

"मग हे वाळवंट कशाला? केर, सांगरी, एवढी तिकिटं, एवढं ऊन—"

"तुमच्यासाठी," ती म्हणाली. "इथं तुम्ही बाहेर जेवत नाही. मिसळ सोडलीत. पित्त म्हणे! तुम्हाला आयुष्यात कधी पित्त झालंय? पट्ट्याला भोकं पाडून घेता, मला दिसत नाही होय? मला वाटलं, परमुलखात नेलं की ही शिदोरी संपल्यावर तरी जेवावंच लागेल. ज्याला चव कळते अशा माणसाच्या हातचं. मी समोर बसेन. तुम्ही खा, आणि पोटभर नावं ठेवा. हिंग पुढं आलाय म्हणा, काय वाट्टेल ते म्हणा." तिचा आवाज फुटला. "ते ऐकायचंय मला. तुमच्या 'छान'नं मी पार एकटी पडलेय हो."

मी तिचा हात धरला. हाताला मिठाचे कण लागलेले होते. इतकी वर्षं मी जे गिळलं ते तिच्यासाठी गिळलं असं मी समजत होतो, आणि प्रत्येक घासाबरोबर तिच्याजवळ उरलेली एकुलती एक जीभ मी काढून घेत होतो. ही दयाच आमच्या दोघांमध्ये आडवी येऊन बसली होती. मला स्वतःचा संताप आला, तिचा आला, त्या तापाचा आला. रडूही आलं, पण ते नंतर.

आधी मी ताटली पुन्हा जवळ ओढली आणि चटणीचा एक कण जिभेवर ठेवला.

"खारट," मी म्हणालो. "तोंडात धरवत नाही. जनावरसुद्धा खाणार नाही."

ती डोळे पुसता पुसता थांबली. "अजून?"

"शेंगदाणे जास्त भाजलेत. काळे झालेत, कडू लागतात. लसूण कच्चा आहे. जिरं घातलंयस का विसरलीस?"

"घातलंय."

"मग ते कुठं गेलं? मला नाही लागलं. आणि कालची आमटी, आता विषय निघालाच आहे तर, ती निव्वळ चिंचेचं पाणी होती. परवाच्या वांग्यांचं तर मी बोलतच नाही."

"बोला ना," ती म्हणाली.

मी बोललो. वांगी झाली, खिचडी झाली, दिवाळीचा चिवडा झाला. मी एकेक चूक काढत गेलो आणि तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी माझ्या ओळखीचा होत गेला. मध्येच ती हसली, मध्येच रडली. शेवटी माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही आणि आम्ही दोघं खलबत्त्याच्या दोन बाजूंना तसेच बसून राहिलो. चव गेली ती गेलीच होती. वाळवंटात ती मिळणार नव्हती. हे दोघांनाही आता ठाऊक होतं, आणि ते पहिल्यांदाच एकत्र ठाऊक झालं होतं.

मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली. खारट चटणी तिनं एका वाटीत काढून बाजूला ठेवली, कढई धुऊन पुसून गॅसवर चढवली आणि डब्यातून नवे शेंगदाणे काढले. कढई तापल्यावर दाणे आत पडले आणि ती उलथन्यानं हलवायला लागली.

"इथं या," ती मागं न बघता म्हणाली. "इथं उभे राहा, माझ्याजवळ. मला रंगावरनं नीट कळत नाही. खमंग वास आला की सांगा."

मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. दाणे तडतडायला लागले. ती कढईकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

"आला," मी म्हणालो.

तिनं गॅस बंद केला.